देवाला झोप आली

कुंभारवाड्याचा देव भारी रागीट. दसऱ्याला गुणाच्या अंगात यायचा तो शिव्या देतच. त्याआधी गुणा धोतऱ्याच्या बियांचा काढा घ्यायचा. मग त्याचे डोळे तांबडे व्हायचे, तोंडाला कोरड पडायची आणि देव कोंबडी मागायचा. मागच्या खेपेला देवानं देवळाच्या कट्ट्यावरून उडी मारली. पाय मोडला तो गुणाचा, आणि भातकापणी पडली त्याच्या बायकोच्या, फुलाच्या गळ्यात.

म्हणून या दसऱ्याला फुलानं धोतरा उकिरड्यावर टाकला आणि ब्राह्मीच्या रसात जायफळ उगाळलं. उगाळताना हात जरा सैल सुटला.

“आज निराळंच लागतंय,” गुणा म्हणाला.

“देवाच्या जिभेला बी बदल नको व्हय?”

ढोल वाजले. देव आला, कट्ट्यावर बसला आणि त्यानं लांबलचक जांभई दिली.

गावकार परशूनं हात जोडले. “देवा, माझी म्हस आटली. कुणी करणी केली?”

“करणी कसली? गवत घाल तिला.”

परशूचं तोंड उतरलं. मग लाडू नावाचा गडी पुढं झाला. “गोऱ्या सायबानं कुमरीची शेती बंद केली. रान जाळायचं न्हाई, तर नाचणी पेरायची कुठं?”

देवानं बराच विचार केला. “सायबाची झोप झाली नसंल,” म्हणाला आणि खांबाला टेकून घोरायला लागला.

“देव म्हातारा झाला,” कुणीतरी पुटपुटलं. रुक्मा म्हातारी म्हणाली, “निजल्या देवाला कोंबडं घालू नये,” आणि आपलं कोंबडं काखेत मारून घराकडे निघाली. मागोमाग सगळं गाव. त्या दिवशी घरोघर रस्सा शिजला आणि देवाविषयी कुणी वावगं बोललं नाही.

गुणा दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर उठला. फुलानं खरं काय ते सांगितलं. तो चिडला नाही, तेव्हा तिला भीती वाटली.

“म्हंजे इतकी वरसं अंगात यायचा त्यो देव न्हवं? धोतरा?”

“मला काय ठावं? काल म्हशीला गवत घाला म्हणाला त्यो कोण, ते तरी तुमास्नी ठावं हाय?”

कितीतरी दिवस तो तिच्या हातची पेजसुद्धा हुंगून प्यायचा.

पुढच्या दसऱ्याला तो नुसतं पाणी पिऊन देवळात गेला. ढोल वाजून वाजून वाजवणारे दमले. लोक चुळबुळायला लागले. तेवढ्यात गुणा थरथरला आणि शिव्या सुटल्या. पहिली फुलालाच. गाव खूश झालं. समोर देव की नवरा, हे काही फुलाला उमगेना. तिनं हात जोडले आणि मनातल्या मनात एक सणसणीत शिवी परत दिली.