लोखंड बाजारात आलेला लंडनचा माइक

मित्रांनो, लंडनहून कळंबोलीला येऊन इथलाच झालेला मी एक जुना माइक आहे. धम्मपालकाकांच्या खोलीतल्या फळीवर मी असतो. माझ्या जाळीच्या टोपीला पोचे पडले आहेत.

कारखान्यात माझ्या पोटात एक पातळ पडदा बसवला होता. आवाज आला की तो थरथरतो, एवढंच माझं काम. लंडनच्या दुकानातून मला राजश्रीने घेतलं. तिचे आईवडील कोकणातले, ती मात्र तिथेच जन्मली, वाढली. ती ग्राइम म्हणायची. ग्राइम म्हणजे लंडनच्या वस्त्यांतल्या पोरांनी घडवलेलं, ठोक्यावर झपाझप शब्द फेकत म्हणायचं गाणं. तिचा पहिला अल्बम माझ्यासमोरच आकाराला येत होता.

पण मनासारखा ठोका सापडेना. म्हणून ती सुट्टी काढून, मला घेऊन, कळंबोलीला तिच्या धम्मपालकाकांकडे आली. काका इथल्या लोखंड बाजारात एकतीस वर्षं माथाडी कामगार होते. सळयांच्या मोळ्या ट्रकमधून खाली आदळताना होणारा दणका तिने मला पुढे धरून टिपला. इतका भरदार आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला फार आनंद झाला.

दुपारी तिने काकांच्या कानांना हेडफोन लावला. काकांनी हसून मान डोलावली.

"कसं वाटलं, काका?" तिने हाताने खूण करत विचारलं.

"चांगलंच असेल. मला नाय ऐकू आलं, बाय. याच आवाजाने कान नेले माझे."

राजश्रीने हेडफोन काढून घेतला. मला तर माझ्या आनंदाची लाज वाटली. मग ती, ओठ दिसतील अशी, काकांच्या समोर बसली आणि गाण्याचा अर्थ तोडक्यामोडक्या मराठीत, सावकाश सांगू लागली. काकांनी मधेच थांबवलं.

"मोळी पडली की पयला दणका नाय येत. पयली पायाखालची जमीन हलते. तसं लिव."

"तुमीच सांगा ना," म्हणत तिने मला त्यांच्या हातात दिलं.

काका मोळ्यांबद्दल आणि आपले कान कसे गेले त्याबद्दल बोलले, अडखळत आणि जरा मोठ्यानेच. अल्बममध्ये तिथे ठोका थांबतो आणि दीड मिनिट फक्त काकांचा आवाज येतो.

तिचा अल्बम काढणार असलेल्या लंडनच्या कंपनीतल्या माणसाने फोनवर तो भाग काढायला सांगितलं. राजश्रीने नकार दिला, तेव्हा कंपनीने अंग काढून घेतलं. लंडनला परतल्यावर तिने अल्बम स्वतःच काढला. जाताना मला काकांकडे ठेवून गेली. तिने नवा माइक घेतला, हे कळल्यावर मला वाईट वाटलं.

अल्बमचं काय झालं, ते ती काकांना मोबाइलवर लिहून कळवायची. काहींनी खूप वाखाणलं. एका समीक्षकाने लिहिलं, दणका जबरदस्त आहे, पण म्हाताऱ्याच्या बोलण्याने गाण्याचा वेग मरतो. काकांनी ते वाचलं आणि मोबाइल उलटा ठेवला.

आठवड्याने बाजारातला हमाल कुलदीप खोलीवर आला. त्याने अल्बममधलं काकांचं बोलणं ऐकलं होतं.

"काका, माज्या पण डाव्या कानात शिट्टी वाजत राहते. तुमचं असंच सुरू झालेलं का?"

काकांना कळलं नाही. त्याने समोर येऊन पुन्हा विचारलं. काका उठले, चपला घातल्या आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले.

मित्रांनो, तुमचे कान जपा. आणि ज्यांचे गेले आहेत, त्यांच्यासमोर बसून बोला. दोनदा सांगावं लागलं, तर दोनदा सांगा.