हात सुटेल त्याची कोठडी

राजाचा जीव जाताना ज्यानं त्याचा हात धरलेला असेल, त्याची गादी; उरलेल्या भावंडांना जन्मभर बुरुजातली कोठडी. दोघांनी धरला, तर उजवा हात धरणारा जिंकला. हा कायदा करणाऱ्याचा माणसांवर कसलातरी जुना राग असणार.

धाकटीनं सात वर्षं बापाचं हगणंमुतणं काढलं होतं. तिच्या दादाला शिकारीतून सवड नव्हती. आज वैद्यानं मान हलवली, तसा तो चिखलाच्या बुटांनिशी धावत आला आणि बापाचा डावा हात पकडून बसला. उजवा धाकटीच्या हातात होता. खोलीत आणखी फक्त दप्तरदार, तोही भिंतीशी. त्याला कशालाही बोट लावायची मुभा नव्हती.

"पाणी," राजा म्हणाला.

तांब्या खिडकीपाशी होता, पाच पावलांवर. धाकटीचा जीव तुटला, पण ती उठली नाही.

"दादा, तू दे ना. तुझा तसाही डावाच हात."

"तूच ऊठ की! सात वर्षं सेवेचा टेंभा मिरवलास, मग आता कुठे अडलं?"

"बाबा, जरा थांबा हं," ती म्हणाली. कशासाठी थांबायचं ते तिला ठाऊक होतं. तिला स्वतःची किळस आली.

राजानं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. "मीही नव्हतो उठलो," तो म्हणाला. "माझी ताई उठली. वेडी कुठली." मग उरलासुरला जोर एकवटून त्यानं दोन्ही हात हिसकावून घेतले, आणि कुणी ते परत धरायच्या आत प्राण सोडला.

दप्तरदारानं घसा साफ केला. "हात कुणीच धरलेला नव्हता. अशा वेळी गादी मागच्या खेपेला हरलेल्याकडे जाते."

चाळीस वर्षं कोंडलेली आत्या भिंत चाचपत, उजेडात डोळे मिचकावत खाली आली. धाकटीनं तिचे पाय धरले. "आत्या, तुम्ही तर उठून पाणी दिलं होतंत! तुम्हाला तरी दया येईल."

"दिलं होतं खरं," आत्या म्हणाली आणि तिनं धाकटीच्या केसांवरून मायेनं हात फिरवला.

कोठडी एकच आहे, दुसरी बांधायची का, असं दप्तरदारानं विचारलं.

"कशाला? दोघांना एकत्रच टाका. एकटीला फार कंटाळा यायचा हो," आत्या म्हणाली. "पाणी मात्र एकाचंच देत जा."