राहून गेलेलं ‘नाही’

“आजोबा, मी मधली पानं गाळते, ते तुम्हाला कळतं का हो?”

विचारून टाकलं एकदाचं! मैत्रिणींनी पैजच लावली होती. सोमवारपासून तुझा पाच वाजताचा क्लास सुरू, म्हणजे आजोबांकडे जाणं बंदच. मग घाबरतेस कशाला, विचारून दाखव. वर्गात जिला सगळे भोंगा म्हणतात, ती माघार घेते थोडीच? वर्षभरापूर्वी हीच मुलगी हजेरीसुद्धा तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. समोरच्या दारातल्या आजोबांना रोज संध्याकाळी पाचला तासभर त्यांच्याकडचं महाकाव्य मोठ्यानं वाचून दाखवता दाखवता तिचा आवाज असा काही फुटला, की आता घरचेच कानांवर हात ठेवत.

आजोबांची नजर गेली होती. तीही जन्मभर छापखान्यात मुद्रितांतल्या चुका शोधणाऱ्या माणसाची. खोलीत एक खाट, दोन खुर्च्या आणि त्या महाकाव्याचे त्यांनीच तपासलेले अठरा खंड. दुसऱ्या खुर्चीवर आपल्याशिवाय कुणी बसल्याचं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

“पहिल्या दिवसापासून,” आजोबा म्हणाले.

भोंग्याचा आवाजच बसला. “मग बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? तू गाळतेस ते मला पाठ आहे. पदरचं घालतेस ते कुठं छापलंय? परवा तो सेनापती ऐन लढाईत शिंकला...”

“सर्दी झाली होती त्याला!”

“तेच म्हणतो. दिवसभर एकटाच हसत होतो मी.”

ओशाळून तिनं सतरावा खंड उघडला. आज अक्षर न् अक्षर वाचायचं आणि मग क्लासचं सांगून टाकायचं. राज्य सोडून राजा, त्याचे भाऊ आणि राणी डोंगराच्या वाटेला लागले होते. आधी राणी कोसळली.

“‘राजाने मागे वळून पाहिले.’” ती थबकली. “पण तो वळून बघत नाही ना? आम्हाला तर तसंच शिकवलंय.”

“मूळ प्रतीत ‘पाहिले नाही’ असंच होतं.”

“म्हणजे चूक राहिली? तुमच्याकडून?” ती खुर्चीत पुढे सरकली. आता सापडले होते आजोबा!

“हे काम दोघांचं असतं,” ते म्हणाले. “एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापलेलं बघत जायचं. आमच्यात वाचायची ही, म्हणजे तुझी आजी. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं म्हणायची. घरीसुद्धा चुकून, ‘पाणी हवं का प्रश्नचिन्ह.’”

ती खदखदून हसली. आजोबाही हसले. मग चाचपडत त्यांनी पुस्तकाची कड धरली.

“सोळा खंड तिनं वाचले. हा मी एकट्यानं तपासला.”

“म्हणून निसटलं होय,” ती हळू म्हणाली. “नंतर केव्हा लक्षात आलं?”

“नंतर नाही. छपाईला जायच्या आधीच.”

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. तिनं बोट परत त्याच ओळीवर ठेवलं. क्लासचं सांगायचं तिथंच राहिलं.

“वाच.”

“राजाने मागे वळून पाहिले, पूर्णविराम,” तिनं वाचलं. आजोबांनी मान खाली घातली. ती थांबली नाही. एकेका विरामाचं नाव घेत पान संपेपर्यंत वाचत गेली.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबा क्लासचा फॉर्म भरत बसले होते.

“बाबा, सकाळची बॅच लिहा.”

“सकाळी सहाची?” बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुला उठवायला अग्निशमन दल बोलवावं लागतं, बाईसाहेब.”

“आणि आजोबांचं वाचन आता संपतच आलंय ना गं?” आई म्हणाली.

“संपू दे की. पाच वाजता मी तिथं जाणार म्हणजे जाणार. आणि सकाळी माझी मी उठणार.”