पुढची फळी

वल्हं पाण्यात घालताच होडीचं पुढचं टोक उचललं गेलं आणि वाऱ्याने ते पुन्हा धक्क्याकडे वळवलं. यशोदेने दातओठ खाऊन दुसऱ्या बाजूने वल्हं मारलं. होडी स्वतःभोवती फिरली. ही तिसरी खेप.

धक्क्यावर उभ्या शेजारच्या बाबूने हसू लपवायचीही तसदी घेतली नाही. पर्यटकांना फिरवायला त्याला ही होडी हवीच होती.

“वयनी, तुज्यान जमूचा नाय. माका देवन टाक.”

“आज पलीकडे पोचाक नाय, तर घेवन जा!”

बोलून गेली खरी, पण होडी देऊन चालणार नव्हतं. खाडीतल्या बेटावर त्यांचे चाळीस माड होते आणि तिथं जायला दुसरी वाट नव्हती. अर्धांगवायूने नवऱ्याचा, दत्तारामचा, उजवा हात आणि वाचा नेली, त्याला चार महिने झाले होते. तो नेहमी मागच्या टोकाच्या फळीवर बसून वल्हवायचा, ती पुढच्या फळीवर बसायची. वल्हवणाऱ्याची जागा मागेच, हे तिने तीस वर्षं पाहिलं होतं. म्हणून आज ती तिथंच बसली होती.

दत्ताराम धक्क्यावर खुर्चीत बसून डावा हात गोल फिरवत होता. परत ये म्हणतोय, असं वाटून तिला रडूच आलं. मग त्याने पायातली चप्पल काढली, उंच धरली आणि टाच पुढे येईल अशी फिरवली.

यशोदा थबकली. मग वाकून, तोल सांभाळत ती आपल्या नेहमीच्या फळीवर गेली आणि उलट तोंड करून बसली. होडीची दोन्ही टोकं सारखीच निमुळती. मागचं टोक आता पुढे झालं. ही फळी मध्याच्या जवळ होती. उचललेलं टोक खाली बसलं आणि होडी सरळ निघाली.

समोरच नवऱ्याची रिकामी फळी होती. तिच्याने तिकडे बघवेना, म्हणून तिने मान खाली घातली. आपल्याच फळीखालच्या खाचेत तिला काहीतरी खुपसलेलं दिसलं. इतकी वर्षं ही खाच तिच्या पाठीमागे असायची. तिने हात घातला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं विड्यांचं बंडल निघालं, आणि माचिस.

एकटा जाताना तो इथंच बसत होता तर.

कुणकेश्वराची शपथ घेऊन सहा वर्षं झाली होती. यशोदेने मागे धक्क्याकडे वळून बंडल उंच धरलं.

“विडी सोडलास मां तुमी?”

दत्तारामने घाईघाईने आभाळाकडे पाहिलं. मग त्याचं अर्धं तोंड हसलं, चार महिन्यांत पहिल्यांदाच.

तिने बंडल होतं तिथंच ठेवलं आणि वल्हं उचललं.