दुसरं धुराडं

“इथे गाणं म्हणायचं नाही, मिस्टर टॉलिव्हर,” अध्यक्षबाई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या. “प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं. बोलायला.”

“बोलतोच आहे, बाई. आता वाक्यांची शेपटं जुळली, तर त्याला मी काय करू?”

मागच्या बाकांवर हशा पिकला. अमेरिकेतल्या मार्लो बेंड गावाच्या नगरसभेत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कचरा जाळणाऱ्या कारखान्याला दुसरं धुराडं हवं होतं. पहिलं नदीकाठी तीस वर्षं उभं होतं आणि त्याचा सगळा धूर खालच्या अंगाला, काळ्या लोकांच्या वस्तीवर उतरत होता. टेकडीवरच्या घरांना त्याचा वासही येत नसे.

कॉर्डेल टॉलिव्हरने दोन्ही हात टेबलावर टेकले. आवाज चढवला नाही, फक्त त्याला ताल दिला.

“टेकडीवर तुमची घरं, वारा तिथे गार,
खाली आमच्या वस्तीला धुराचा शेजार.
तुमची मुलं खेळून येतात, लागते त्यांना धाप,
आमची मुलं निजल्या जागी धापतात आपोआप...”

अध्यक्षबाईंनी हातोडा आपटला. दारावरचा शिपाई लव्होन पुढे आला. दोघे एकाच शाळेतले.

“चल, डेल. मला तमाशा करायला लावू नकोस.”

“तू तुझं काम कर, लव्ह. मी माझं करतो.” आणि दंड धरून नेत असतानाही त्याने मान वळवून पुढच्या ओळी म्हटल्याच:

“माझा दंड धरलात, आता वाराही धरा,
नदीकडून येतो तो, त्यालाही बाहेर करा!”

ती रात्र त्याने कोठडीत काढली. सकाळी घरी आला तेव्हा ओझेला मावशीने मक्याचा पाव आणि पालेभाजी पुढ्यात आदळली. कॉर्डेलची आई आणि मावशी, दोघी बहिणी दोन टॉलिव्हर भावांच्या बायका; आई तो लहान असतानाच गेली, वाढवला तो या मावशीने.

“चव्वेचाळीस वर्षांचा घोडा झालास! चर्चमध्ये मला तोंड दाखवायला जागा ठेवलीस का?”

“मी खोटं बोललो का, मावशी?”

“खरं बोललास रे. पण चार लोकांसारखं बोलता येत नाही?”

“चार लोकांसारखं बोललेलं तीस वर्षांत कुणी ऐकलं?”

 मावशीने त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली.

त्याच्या गाण्यावरून दोघांचं पहिल्यापासून वाजलेलं. मावशीला वाटे, देवाने पोराला गळा दिला आणि हा त्याने भांडणं उकरतो. पंचविशीत त्याला न्यूयॉर्कच्या एका रेकॉर्ड कंपनीने बोलावलं होतं. सगळं ठरत आलं होतं. शेवटी तिथला माणूस म्हणाला, “ते धुराड्याचं गाणं वगळू या. तुझ्या गावाबाहेर कुणाला कळणार ते?” कॉर्डेल म्हणाला, “माझ्या गावाला कळतं,” आणि संध्याकाळच्या बसने परत आला. वस्तीतल्या अर्ध्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं. तेव्हापासून तो दिवसा टायरच्या दुकानात चाकं बदलायचा, शनिवारी वाचनालयात मुलांना शब्द जुळवायला शिकवायचा. गाणी तळघरात ध्वनिमुद्रित करायची, जुन्या गाडीत टाकायची आणि जिथे संप असेल, जिथे शाळा बंद पडत असेल, तिथे जाऊन गायची. केंटकीच्या खाणकामगारांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. एका गावात बाटल्याही फेकून मारल्या होत्या. कपाळावरची खूण दाखवून तो म्हणायचा, “हे माझं पदक.”

पण धुराड्याचं गाणं कशावरून आलं, हे त्या घरात कुणी बोलत नसे. मावशीची लेक रेनिटा एकोणीस वर्षांची असताना दम्याने गेली. त्यानंतर मावशीने तिची खोली आवरली, दार ओढून घेतलं आणि तिचं नाव पुन्हा ओठांवर आणलं नाही. गाणं लागलं की ती अंगणात निघून जाई.

आठवड्याभरात नगरसभेचा निरोप आला. मिस्टर टॉलिव्हर यांना वर्षभर सभागृहात बंदी. वाचनालयातला शनिवारचा वर्गही बंद. आणि धुराड्यावरचं मतदान पुढच्या बैठकीत.

“म्हणजे मतदानाला मी नाही,” कॉर्डेल म्हणाला. “मावशी, तू बोल.”

“मी? मला देवापुढे तोंड उघडता येतं. त्या बाईपुढे नाही.”

त्याने पुन्हा विषय काढला नाही.

बैठकीच्या दिवशी मावशीने रविवारची जांभळी टोपी घातली. “नुसती बसायला जाते,” म्हणाली. कॉर्डेल बाहेरच्या दगडी पायऱ्यांवर थांबला. मार्चचा वारा बोचत होता. आत लोक एकेक करून बोलत होते, पण जड दारातून नुसती गुणगुण ऐकू येई. तेवढ्यात दार हातभर उघडलं. लव्होनने ते मिटू नये म्हणून आपली खुर्ची मध्ये सरकवली आणि त्याच्याकडे न पाहता पाठ करून उभा राहिला.

“नाव सांगा,” अध्यक्षबाईंचा आवाज आला.

“ओझेला टॉलिव्हर. टॅनर गल्ली.”

कॉर्डेल ताडकन उभा राहिला.

“गाणं नको, बाई,” अध्यक्षबाई म्हणाल्या. काही जण हसले.

“चाळीस वर्षं चर्चमध्ये गाते मी. तुमच्यासाठी गाणार नाही.” मावशीचा आवाज आधी कापरा होता. “माझी मुलगी होती. रेनिटा. तिला नर्स व्हायचं होतं. उन्हाळ्यात आम्ही खिडक्या बंद करून झोपायचो, तरी उशीवर राख यायची. मी ती झटकायचे. मला वाटायचं, घर नीट ठेवलं की झालं. ती गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हिच्या नशिबात होतं. मी ते मान्य केलं. ते माझं चुकलं.”

घंटा वाजली.

“तुमची वेळ संपली, मिसेस टॉलिव्हर.”

“वाजू दे. माझ्या लेकीची वेळ संपली तेव्हा कुणी घंटा वाजवली नव्हती. तुम्ही हात वर कराल तेव्हा तिचं नाव घेऊन करा. रेनिटा टॉलिव्हर. म्हणा.”

 घंटा पुन्हा वाजली. मावशी जागची हलली नसावी, कारण तिचा आवाज तिथूनच आला, “मी थांबते. मला घाई नाही.”

शेवटी एका तरुण सभासदाने दबक्या आवाजात ते नाव उच्चारलं. दुसऱ्या कुणी उच्चारलं नाही. मतं पडली आणि एका मताने दुसरं धुराडं मंजूर झालं.

मावशी बाहेर आली तेव्हा कॉर्डेलने हात पुढे केला. तिने तो धरला नाही. पायरीवर रुमाल अंथरला आणि मधोमध बसली.

“हरलो, मावशी.”

“ते कळतंय मला. मी बहिरी नाही,” ती म्हणाली. “पुढची बैठक कधी असते यांची?”

“पुढच्या महिन्यात.”

“बरं.”

तो तिच्या शेजारी बसला. वस्तीतले लोक बाहेर येऊ लागले आणि घरी जायचं सोडून एकेक करून त्यांच्या आजूबाजूला पायऱ्या भरून टेकले. सगळ्यांत शेवटी अध्यक्षबाई आल्या. हातात पर्स होती, गाडी खाली उभी होती. त्या पायऱ्यांच्या तोंडाशी थबकल्या, वाट मिळेल म्हणून क्षणभर थांबल्या.

ओझेलाने टोपी नीट केली. पाय मात्र आवरले नाहीत.