एका वर्षाची वही

वकीलसाहेबांनी ‘मालकी निर्वेध’ असं लिहून दिलं की लोक डोळे मिटून घर विकत घेत. तीस वर्षांचे दस्त पानापानाने चाळल्याशिवाय हा माणूस सही करत नाही, असा त्यांचा लौकिक. तो पसरवण्यात त्यांचाही हात होताच म्हणा.

आज मात्र ते एका निवृत्त शिक्षिकेच्या स्वयंपाकघरात मान खाली घालून बसले होते. बाईंना नोटीस आली होती. जुन्या मालकाने घर बाईंना विकण्याच्या कितीतरी आधी अर्धा हिस्सा बहिणीला बक्षीसपत्राने दिला होता, आणि आता त्या बहिणीचा मुलगा तो मागत होता.

“खोटं असणार हो!” बाई चहा ओतत म्हणाल्या. “तुमचा अहवाल आहे ना माझ्याकडे. साहेबांनी तीस वर्षं पालथी घातलीत, मग कोर्टाला कोण घाबरतंय?”

अहवाल त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. तो पाहून साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण त्यांनी एकोणतीसच वर्षं पाहिली होती. राहिलेल्या एका वर्षाची नोंदवही तेव्हा बांधणीला गेली होती. “सोमवारी या,” नोंदणी कार्यालयातला कारकून म्हणाला होता. सोमवारी साहेबांना कंटाळा आला. एका वर्षाने काय आभाळ कोसळणार आहे, म्हणत ते ‘तपासले’ असं लिहून मोकळे झाले. काल ती वही त्यांनी उघडली. बक्षीसपत्र त्यातच होतं.

तेव्हा वहीत नोंद सापडलीच नाही, असं सांगून हात झटकता आले असते. वाक्य जिभेवर तयार होतं. त्या तयारीचीच त्यांना जास्त लाज वाटली.

“बाई, कोर्टात जाऊ नका, हराल,” ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. मग अहवाल पुढे ओढून खाली लिहिलं, ‘तीसपैकी एका वर्षाची वही मी पाहिली नव्हती,’ आणि सही केली.

बाईंनी चष्मा लावून ती ओळ वाचली, पेपर तपासतात तशी, दोनदा.

“आणि बाकीची एकोणतीस?” त्यांनी विचारलं.

ती त्यांनी खरोखर पाहिली होती, अगदी पान न पान. पण हे आता कुठल्या तोंडाने सांगायचं, ते साहेबांना कळेना.