सुरीने ओळखलेलं झाड

मित्रांनो, मी कमरीपेठेतली एक जुनी सुरी आहे. पण आजवर मी एक कांदासुद्धा कापलेला नाही. लांब, पातळ पातं आणि चिंचेच्या लाकडाची मूठ घेऊन मी जन्मले ती भेंड कापायला. भेंड म्हणजे आत पांढरा, हलका गर असलेल्या काड्या. त्यांचे पापुद्रे काढून माझ्या मालकीण अंबूताई लग्नाची बाशिंगं करायच्या. वाळलेल्या काड्यांची मोळी घेऊन एक म्हातारा वर्षातून एकदा यायचा. काडी कुठल्या झाडाची, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि अंबूताईंनी कधी विचारलं नाही.

पुढे थर्माकोल आला. म्हातारा यायचा थांबला. थर्माकोलवर मी करकरले की अंबूताई दात आवळायच्या. शेवटी त्यांनी मला फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. सहा वर्षं मी गंजत पडले.

२००१ साली त्यांची भाची पल्लवी त्यांच्याकडे राहून धारवाडला वनस्पतिशास्त्र शिकत होती. उणकलच्या पलीकडे पाणथळ जागेत तिला एक अनोळखी झाड दिसलं. फूल पिवळं, फुलपाखरासारखं, म्हणजे शेंगांच्या कुळातलं. पानं लाजाळूसारखी. शेवरी म्हणावी, तर पाकळीला बाहेरून लव होती आणि शेंगा अजून धरल्या नव्हत्या. वीतभर शेंडा कागदात दाबून तिनं आठवडाभर पुस्तकं चाळली. नाव नसलेला नमुना संग्रहात घेणार नाही, असं सरांनी बजावलं होतं. त्यात त्या जागेत प्लॉटसाठी मुरूम पडू लागला.

एका दुपारी ती चार-पाच झाडं मुळांसकट उपटून, चिखलानं माखून घरी आली.

"सोळा वर्षं शिकलीस की गं," अंबूताई म्हणाल्या, "अजून याचं नाव सापडंना?"

झाड कागदात मावेना. कापायला काही मिळतं का, म्हणून पल्लवीनं फळी चाचपली आणि मी तिच्या हाताला लागले. पाण्याखालचं खोड अंगठ्याहून जाड होतं. मी टेकले आणि आवाज न करता पार गेले. मला आधी कळलं. पण मला बोलता कुठे येतं?

अंबूताईंनी तुकडा उचलला. नखानं दाबून पाहिला.

"पल्ली, हे भेंड हाय."

खात्री आहे का, असं पल्लवीनं विचारलं.

"तीस वर्षं हेच कापलंय. पानं लावून कुणी आणून दिलं नव्हतं, एवढंच."

तरी पल्लवीनं लगेच काही लिहिलं नाही. उरलेली झाडं तिनं परसातल्या हौदात चिखल घालून लावली. यथावकाश शेंगा आल्या. प्रत्येक बीनंतर एक सांधा, वाळल्यावर तिथेच तुटणारा. कॉलेजातल्या जुन्या नमुन्याशी ताडून मग तिनं आपल्या नमुन्यावर चिकटवायची चिठ्ठी लिहिली. वर शास्त्रीय नाव, एस्किनोमेनी आस्पेरा. खाली, भेंड. आणि ओळखणाऱ्याच्या रकान्यात, अंबूताई, कमरीपेठ.

ती पाणथळ जागा भरली गेली. पण पुढच्या वर्षी हौदात अकरा रोपं उगवली. अंबूताईंनी मला दगडावर घासून धार लावली.

मित्रांनो, पाण्याची जागा रिकामी समजून भरू नका. आणि जुनं हत्यार भंगारात देण्याआधी त्याला एकदा कामाला लावून पाहा. मी आता हौदाशेजारी खिळ्याला टांगलेली आहे. शेंगा वाळून बिया पडेपर्यंत मला हात लावायचा नाही, अशी अंबूताईंची सगळ्यांना ताकीद आहे.